काकूंना ऐकू येईल असा स्पीकर

मी बियाणं विकतो. जानेफळात बसस्टँडच्या पुढं माझं कृषी केंद्र आहे. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. पेरलेलं उगवेलच याची हमी कोणी देत नाही, पण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणी न पेरलेलं तण मात्र दरवर्षी हजर असतं. आमच्या रविवारच्या बैठकीतले किस्से असेच धुऱ्यावर उगवलेले आहेत. आम्ही जमत होतो घरच्या कॉम्प्युटरला लावायचे स्पीकर, हेडफोन आणि साउंड कार्ड पारखायला. पारख किती झाली ते देव जाणे, पण किस्से इतके साचले की आता दुकानात आलेलं गिऱ्हाईक युरिया मागायच्या आधी विचारतं, "मंग, या रविवारी काय झालं?"

सगळं सांगत बसलो तर पेरणी निघून जाईल. निवडक सांगतो.

*

बैठक भरायची बापूंच्या घरी. बापू म्हणजे आमच्या गावातले जुने शेतकरी. सोयाबीन, तूर आणि विहिरीजवळ त्यांच्या बायकोची, आमच्या काकूंची, भाजीची वाडी. मुलगा सारंग पुण्यात नोकरीला. जाताना त्यानं आपला कॉम्प्युटर घरी ठेवला आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायचा नेम धरला. पुढं त्यानं पुण्यात फ्लॅट घेतला, त्यातली एक खोली आईबापासाठी रिकामी ठेवली, आणि तेव्हापासून दर रविवारी कॉलमध्ये तो एकच प्रश्न विचारू लागला.

"आई, शेती कोणाला ठोक्यानं कसायला देऊन टाका आणि इकडे या. कधी येता?"

बापू म्हणायचे, "तुही माय ज्या दिवशी हो म्हणन, त्या दिवशी निघू."

आणि काकू स्क्रीनकडं डोळे बारीक करून म्हणायच्या, "काय म्हन्ते तो? मले ऐकू येऊन नाही राह्यलं."

झालं. सगळं घोडं काकूंच्या कानापाशी अडलं. काकूंना प्रश्न ऐकू आला की त्या उत्तर देणार, आणि त्या उत्तरावर दोघांनी गाव सोडायचं की नाही ते ठरणार. बापूंनी मला बोलावून सांगितलं, "दिनू, सारंगच्या मायले साफ ऐकू येईन असा स्पीकर पाह्य बाबा. पोरगं विचारून विचारून थकलं."

आवाजातलं मला काय कळणार? म्हणून मी गावातले दोन जाणकार गाठले. पहिला सुभाष. मंडप आणि लाउडस्पीकरवाला. पंचक्रोशीतलं एकही लग्न सुभाषच्या भोंग्याशिवाय लागलेलं नाही. मिशी भरघोस, टोकं वर वळवलेली, आणि स्वभाव त्या टोकांसारखाच. आपल्या मालाला त्यानं जन्मात कधी वाईट म्हटलेलं नाही. दुसरबीडच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकात त्याच्या स्पीकरचा पडदा फाटला आणि भटजींचा आवाज बेडकासारखा येऊ लागला. मुलीचा बाप धावत आला. सुभाष शांतपणे म्हणाला, "मालक, महागाच्या मालाचा आवाज असाच असते."

दुसरा पंकज. मेहकरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. कुठलीही वस्तू घेण्याआधी इंटरनेटवर तिच्याबद्दल इतकं वाचतो की वाचून होईपर्यंत ती वस्तू बाजारातून गेलेली असते.

असे आम्ही तिघं आणि चौथे बापू. बैठक सुरू झाली.

*

पहिल्या रविवारी सुभाषनं लग्नातला मोठा बॉक्सच आणला. चौघांनी उचलून आत घेतला, तर खोलीत कॉम्प्युटरला जागा उरली नाही. कॉम्प्युटर दारात ठेवला.

पंकज म्हणाला, "अरे, हा खोलीच्या मानानं फार मोठा आहे."

"आवाज छातीत लागला पाह्यजे," सुभाष म्हणाला आणि बटण दाबलं.

आवाज छातीत लागला. मांडणीवरचे पितळी डबे खाली आले, आणि शेजारच्या म्हशीनं त्या दिवशी दूध चोरलं ते संध्याकाळपर्यंत दिलं नाही. थोड्या वेळानं शेजारच्या शांताबाई नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन दारात उभ्या.

"काऊन व कमल," त्यांनी काकूंना विचारलं, "घरात कार्य काढलं अन् शेजारी सांगितलं नाही?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "कार्य नाही व माय, सारंगचा फोन येनार हाय."

शांताबाईंनी नारळ परत नेला नाही, देवापुढं ठेवला. बॉक्स बघून त्यांना वाटलं असेल, या घराला लागेल.

सारंगचा कॉल आला. त्याचा "हॅलो" वेशीपर्यंत गेला. प्रश्नही गेला. गावात सगळ्यांना कळलं की बापूंना पुण्याला बोलावलं आहे. बापूंनी आशेनं काकूंकडं पाहिलं.

काकू म्हणाल्या, "आवाज भल्ला आला. शब्द एक नाही आला."

पंकजला केवढा आनंद झाला. बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, जास्त झाला की बोलणं बुडतं, हे त्यानं आम्हाला हात हलवून हलवून समजावलं. सुभाषनं बॉक्स उचलला, पण हार मानली नाही. "बॉक्समधी काही खोट नाही," तो म्हणाला. "घर लहान हाय."

*

इथं एक लहानसा किस्सा सांगायलाच हवा.

बैठकीला काकू चहा करायच्या. स्वयंपाकघर दोन खोल्या सोडून मागं. एका रविवारी समोर स्पीकर वाजत होता, आणि मी पंकजच्या कानात अगदी हळू म्हणालो, "आज साखर कमी पडली बे."

दोन मिनिटांत काकू साखरेचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या कपात चमचा रिकामा करून गेल्या.

आम्ही चौघं एकमेकांकडं पाहत राहिलो. सुभाष म्हणाला, "बापू, काकूले ऐकू तर लय तिखट येते."

बापूंनी यावर पुष्कळ विचार केला होता असं दिसलं. "घरातलं सगळं ऐकू येते तिले," ते म्हणाले. "कॉम्प्युटरमधलंच येत नाही."

पंकजनं गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे दोष साउंड कार्डात आहे."

*

म्हणून पंकजनं साउंड कार्ड मागवलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी डबी. कॉम्प्युटरच्या आतलं कार्ड गोंधळ करतं, बाहेरचं लावलं की आवाज धुतल्यासारखा होतो, असं त्याचं म्हणणं. डबी लावली, स्पीकर चालू केले, तर गाण्याच्या मागं एकसारखी घूं ऐकू येऊ लागली. आधीही ती असावी, पण पंकजनं "लक्ष देऊन ऐका" म्हटल्यावर आम्हाला दुसरं काही ऐकूच येईना.

पंकजनं वायरी बदलल्या. डबी बदलून आणली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. घूं तशीच. सुभाष म्हणाला, "डबी फेकून दे." पंकज म्हणाला, "तुझे स्पीकर फेक." बैठक मोडायची वेळ आली.

बापू उठले, परसात गेले आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मूठभर मीठ टाकून वर बादलीभर पाणी ओतलं. मोटरपंप झटका देऊ लागला की विहिरीवर ते हेच करतात. आत आले, तर घूं गेली होती. खोली इतकी शांत झाली की गाणाऱ्यानं श्वास घेतलेला कळू लागला.

तेव्हापासून रिवाज पडला. रविवारी बैठक बसायच्या आधी खड्ड्यात मीठ आणि पाणी. पुढं पंकज अकोल्याहून त्याच्या एका आवाजशौकीन मित्राला घेऊन आला. मित्रानं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "इतका शांत आवाज! कार्ड कुठलं लावलंय?"

बापू म्हणाले, "मीठ घरचंच हाय."

पण खड्ड्याशेजारी काकूंचं कढीपत्त्याचं झाड होतं. दर रविवारच्या मिठानं ते बिचारं वाळलं. काकू आम्हाला काही बोलल्या नाहीत, फक्त पुढचे दोन रविवार घरात फोडणीचा वास आला की आम्हाला माना खाली घालाव्या लागल्या. मग एका सकाळी काकू माझ्या दुकानात आल्या आणि कढीपत्त्याचं रोप मागितलं. सोबत शेवग्याचं एक आणि लिंबाचं एक. मी स्वतः नेऊन दिली. खड्ड्यापासून दूर, विहिरीकडं काकूंनी आळी करून ठेवली होती.

बापू तिथंच उभे होते. म्हणाले, "लिंबाले फळ धरेपर्यंत आपण पुण्याले गेलेलो असू. पाणी कोण घालीन याले?"

काकू रोपाच्या बुडाशी माती दाबत होत्या. बापू त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि मध्ये कॉम्प्युटरही नव्हता. तरी काकूंना ऐकू आलं नाही.

*

आता डोळे बांधून घेतलेल्या परीक्षेचा किस्सा. हा सुभाषसमोर सांगितलेला त्याला आवडत नाही, म्हणून तो आला की मी हाच आधी सांगतो.

पंकज म्हणाला, डोळ्यांनी स्पीकर पाहिला की माणूस किंमत ऐकतो, आवाज ऐकत नाही. तर डोळे बांधा. वाजवायचं काय, यावर वाद झाला. सुभाषला सनई हवी होती, पंकजला इंग्रजी काहीतरी. शेवटी माझं ठरलं. वाळलेल्या तुरीच्या शेंगांचा खुळखुळाट. आमच्याकडं शेंग तयार झाली की नाही ते फांदी हलवून कानानं ठरवतात. इतका बारीक, कोरडा आवाज जो स्पीकर खरा काढील तो खरा. मी शेतात जाऊन तो मोबाइलमध्ये भरून आणला, आणि शेंगांचा एक झुबकाही आणून ठेवला, ताडून पाहायला.

गल्लीतून मागून आणलेले स्पीकर टेबलावर मांडले. आम्ही तिघांनी दुपट्ट्यानं डोळे बांधले. बापू वाजवणार आणि फक्त नंबर सांगणार.

पहिला वाजला. पंकज म्हणाला, "डबा आहे." दुसरा वाजला. मी म्हणालो, "शेंगा ओल्या वाटतात." तिसऱ्याला जरा वेळ लागला. बापू काहीतरी पुटपुटले, इकडून तिकडं गेले, आणि मग तिसरा वाजला.

पंकजच्या तोंडून वा निघून गेलं. मला तर शेतात उभं असल्यासारखं झालं. एकेक शेंग वेगळी ऐकू येत होती, वर सालाचा तो सुरसुर आवाजसुद्धा. पंकज म्हणाला, "शोध संपला. हाच घ्या." मी म्हणालो, "हाच."

सुभाषनं मान तिरकी करून पुन्हा एकदा वाजवायला लावलं. मग ओठ मुरडून म्हणाला, "ठीक हाय. पण बेस कमी हाय."

आम्ही दुपट्टे सोडले. पंखा बंद, कॉम्प्युटर बंद, टेबलावरचा एकही दिवा चालू नाही. लाइट गेली होती. बापू समोर उभे, हातात शेंगांचा झुबका.

"तुमची परीक्षा मोडली असती," ते ओशाळून म्हणाले, "म्हणून मीच हलवल्या."

मी आणि पंकज जमिनीवर बसून हसलो. आतून काकूंच्या हसण्याचाही आवाज आला. सुभाष मात्र मिशीला पीळ देत उभाच.

"मी काय चुकीचं बोललो?" तो म्हणाला. "खऱ्या शेंगातच बेस कमी हाय, त्याले मी काय करू?"

*

स्पीकरनं जमेना तेव्हा पंकजनं हेडफोन काढले. आवाज थेट कानात, मग सुटका नाही.

हेडफोनच्या आमच्या परीक्षाही ऐकण्यासारख्या. बापू टोपी काढत नाहीत. हेडफोन टोपीवरून घातला की कानापर्यंत पोचत नाही, म्हणून बापूंच्या मते सगळे हेडफोन "दूरचे" वाजतात. सुभाष प्रत्येक हेडफोन काढताना म्हणायचा, "आवाज बरा हाय, पण कानाचा पापड होते." काकूंची अडचण अंबाड्याची. पट्टी डोक्यावर बसेना. शेवटी त्यांनी ती हनुवटीखालून घेतली, वरून पदर ओढला आणि दात दुखत असल्यासारख्या कॉम्प्युटरपुढं बसल्या.

आणि चमत्कार झाला. काकू बोलू लागल्या, नातीची चौकशी करू लागल्या. "हाव रे, ऐकू येते. काय खाल्लं? पोट्टीचा दात पडला? दाखव बरं. आता कवळं काही खाऊ घाल तिले." आम्ही आनंदानं एकमेकांचे हात धरले. बापू पुढं सरसावून बसले. पलीकडं सारंगचे ओठ हलले आणि काकूंनी हेडफोन उतरवला.

"गेला आवाज," त्या म्हणाल्या.

पंकजनं वायर बदलली. पुढच्या रविवारी दात, ताप, शाळा, शेजारी सगळं ऐकू आलं, आणि पुन्हा तिथंच आवाज गेला. त्यानं हेडफोनच बदलला. कंपनी वेगळी, रंग वेगळा, बंद पडायची जागा तीच.

मग पंकजनं अकोल्याच्या त्या मित्राचा भारी हेडफोन उसना आणला. अशा हेडफोनच्या कानांना मागून नुसती जाळी असते, बंद झाकण नसतं. त्यामुळं आवाज मोकळा वाटतो, असं पंकज म्हणाला. एक गोष्ट सांगायची तो विसरला. जाळीतून आवाज बाहेरही गळतो. काकूंच्या एका बाजूला बापू बसले होते, दुसऱ्या बाजूला सुभाष.

सारंगनं विचारलं. काकूंनी हेडफोन उतरवला. "गेला आवाज."

बापू ताडकन म्हणाले, "अव, मले इथं बसून ऐकू आलं. कधी येता म्हन्ते तो."

सगळ्यांनी पंकजकडं पाहिलं, कारण असं काही झालं की आम्ही पंकजकडं पाहतो. पंकजनं चष्मा पुसला.

"होतं असं," तो म्हणाला. "फेज उलटी झाली की आवाज कानात मरतो आणि बाहेर जिवंत राहतो."

आम्ही माना हलवल्या. बापूंनीसुद्धा हलवली. शिकलेल्या माणसाचा हाच तर उपयोग असतो. फक्त सुभाषनं मान हलवली नाही. तो काकूंकडं पाहत होता, आणि काकू हेडफोनची वायर हातावर गुंडाळत होत्या, फार सावकाश. सुभाष गप्प बसला आहे, ही गोष्ट खरं तर मी तेव्हाच मनात टिपून ठेवायला हवी होती.

*

लग्नाचा हंगाम संपला आणि सुभाष महिनाभर बैठकीला आला नाही. आम्हाला वाटलं रुसला. तो घरी स्पीकर बनवत होता.

मोडीत निघालेल्या बैलगाडीच्या सागवानी फळ्या त्यानं आणल्या, मेहकरच्या सुताराकडून दोन लहान पेट्या करून घेतल्या, आत कापूस भरला, आणि माणसाचं बोलणं नेमकं जिथं असतं तो मधला आवाज निघावा म्हणून भोकं पुन्हा पुन्हा कापली. बेसवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसानं बेस मुद्दाम सोडला. चहाच्या टपरीवर, सगळ्या गावासमोर, त्यानं मिशीवर हात ठेवून सांगितलं, "यायच्यातून काकूले ऐकू नाही आलं, तं ही मिशी काढून फेकतो."

रविवारी पेट्या टेबलावर बसल्या. आधी शेंगा वाजवल्या. बापूंनी नकळत आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. पंकजनं शेंगा पुन्हा एकदा वाजवून ऐकल्या, मग म्हणाला, "सुभाष, याच्यात मला काही खोट काढता येत नाही." सुभाषच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सारंगचा कॉल आला. आवाज असा, जणू पोरगा बाजेवर येऊन बसला आहे. काकू दाताचं बोलल्या, नवीन दाताचं बोलल्या. नातीनं कविता म्हटली, काकूंनी ती पुन्हा म्हणायला लावली. ऐकू येत नाही म्हणायला आता कुठं जागाच राहिली नाही. आणि मग सारंग स्क्रीनच्या जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "आई, मला रोज तुमची काळजी वाटते गं. खोली तशीच ठेवली आहे. येता ना?"

त्यातला तो "गं"सुद्धा खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू आला. बापूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी एकदा दारातून विहिरीकडं पाहिलं, एकदा आम्हा सगळ्यांकडं, मग स्क्रीनकडं. इतक्या मायेनं विचारणाऱ्या लेकाला नाही म्हणायचं कसं, हे कुठल्या आईला ठाऊक असतं?

"काय म्हन्ते रे बाप्पा?" त्या म्हणाल्या. "आवाज येऊन नाही राह्यला."

पंकजनं तोंड उघडलं. त्याआधी सुभाष उठला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन उभा राहिला.

"सारंग, मी सुभाषकाका. हे स्पीकर माहेच हायेत, म्या हातानं बनवले. फालतू निघाले."

"पण काका, आत्ता तर आई कविता ऐकत होती."

"तेवढ्यापुरते चालले. आता बसले." सुभाषनं खाकरून घसा साफ केला. "खराब माल हाय. सारी चूक माही हाय. यायच्यातून कोणालेच ऐकू येनार नाही."

मला त्या क्षणी उठून त्याच्या पाया पडावंसं वाटलं. बापूंनी टोपी उचलली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

"राहू दे सारंग," ते म्हणाले. "आम्ही दुसरे पाहू."

पलीकडून सारंगचा हसल्यासारखा आवाज आला. "बरं काका. मग असं करतो, दिवाळीत आम्हीच येतो तिकडे."

"ये रे ये," काकू लगेच म्हणाल्या. "पोट्टीले पंधरा दिवस ठेव. करंज्या करून ठेवीन."

पुढच्या रविवारी मी बापूंकडं गेलो, तर खाटेवर एक अनोळखी माणूस बसलेला. जवळ गेल्यावर कळलं, सुभाष आहे. मिशी नव्हती. टपरीवर लोक विचारत होते, आणि तो सगळ्यांना सांगत होता की शब्द म्हणजे शब्द, स्पीकर फालतू निघाले. समोर टेबलावर त्याच दोन सागवानी पेट्या होत्या आणि त्यातून गाणं इतकं सुरेख येत होतं की पंकज डोळे मिटून बसला होता.

मी सुभाषच्या कानाशी लागलो. ओठही धड हलवले नाहीत. "खरं सांग बे, काकूले ऐकू आलं व्हतं ना?"

सुभाषनं सवयीनं मिशीवर हात नेला. तिथं काही नव्हतं.

दोन खोल्यांपलीकडून काकूंचा आवाज आला, "दिनू, त्याले काही विचारू नको. सुभाष, तुह्या चहात आज साखर जास्त घातली रे."

चहा आला. सुभाषनं एक घोट घेतला, मान तिरकी केली.

"चहा मस्त हाय काकू," तो म्हणाला. "पण बेस कमी हाय."

काकूंना ते ऐकू आलं नाही.